दांडी असलेला कापूस

धुळे, शनिवार

प्रिय दिपमाला,

तू फोन उचलत नाहीस हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर माझी जीभ माझ्याआधी बोलून मोकळी होते, कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र आणि सोबतचं गाठोडं शेजारच्या कुसुमलताबाईंच्या पलकजवळ देतोय. ती उद्या मामाकडे जळगावला येतेय, तुझ्या बहिणीच्या घरी पोचवेल. गाठोड्यात तुझी स्लीपिंग बॅग आहे. धुतलेली. मी धुतलेली. आता खाली बैस आणि मग पुढचं वाच.

तुमचा हिमालयाचा ट्रेक नेणाऱ्या मयुरीचा मला फोन आला होता. "काका, काकूंनी नाव मागे घेतलंय. बुधवारपर्यंत जागा धरते, मग दुसऱ्या कुणाला देईन," म्हणाली. का मागे घेतलं, हे तिनं विचारलं नाही. बहुधा भूषणच्या हळदीला तीही होती.

माइक हातात आला की मी माणसात राहत नाही, हे तू चोवीस वर्षं पाहतेस. पुतण्याची हळद, समोर चारशे माणसं, आणि मी सांगत सुटलो की आमच्या सौभाग्यवती हिमालयात जाणार म्हणून त्या पिसांच्या पिशवीत शिरून गळ्यापर्यंत चेन ओढून हॉलमध्ये निजल्या, तर यावलहून आलेले केळीबागवाले पाहुणे त्यांना पिशवी चढवलेला केळीचा घड समजले आणि क्विंटलचा भाव विचारू लागले. मंडप हसला. तू बट्टीचा तुकडा वरणात तसाच सोडून उठलीस, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं जळगावला गेलीस. बॅग माळ्यावरच ठेवून. विसरलीस, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. पण जी बाई गॅसच्या नळीची पावती कुठल्या डब्यात आहे ते झोपेतही सांगते, ती विसरत नसते.

तिसऱ्या दिवशी बॅग खाली काढली. तोरणमाळच्या सरावात तू ती चार दिवस वापरली होतीस, गळ्याशी मेणचट झाली होती. शाळेला सुट्टी, घरात मी एकटा. म्हटलं, निदान हे तरी धुऊन काढू. यशोदाबाई भांडी घासायला आल्या, बॅग उलटीपालटी करून म्हणाल्या, "मास्तर, हाई काय शे?" मी म्हणालो, तुमच्या बाईसाहेबांची बर्फातली गोधडी. गोधडी म्हटल्यावर त्यांनी सूत्रं हातात घेतली. टबात दोन मुठी निळी पावडर, वर कढत पाणी, मग धोपाटणं. मी विरोध केला नाही. ज्याला स्वतःचे रुमाल धुता येत नाहीत त्याचा विरोध कोण ऐकतो? बॅग बाहेर काढली तर भिजलेल्या रेडकाएवढी जड. मग गोधडी पिळतात तशी पिळली, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या, दोघांचे पीळ उलटसुलट. पायाकडून 'चर्र' असा आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो रस्त्यावरून आला असं ठरवलं.

गच्चीवर त्रेचाळीस अंशाचं ऊन. तास-दोन तासांत वरचं कापड खडखडीत वाळलं, आणि आत हात लावला तर खणाखणात लिंबाएवढे गोळे. "बठ्ठं गोया व्हई गयं!" म्हणून यशोदाबाई जिना उतरून गेल्या त्या दुसऱ्या दिवशीच उगवल्या. तेवढ्यात कुसुमलताबाई पापड उलटायला वर आल्या. "मास्तर, यात काय भरलंय?" आता घरात कांदा न येऊ देणाऱ्या बाईला, तिच्या उडदाच्या पापडांपासून हातभर अंतरावर, हंसाची पिसं आहेत असं कोणत्या तोंडानं सांगू? मी प्रगतिपुस्तकाबाहेर सहसा खोटं लिहीत नाही. पण म्हणालो, "कापूस."

हा एक शब्द मला केवढ्याला पडला! त्यांचा चेहराच उजळला. "मग काळजी कसली? गोळे झाले तर पिंजून आणायचा. आमचा नवलभाऊ आहे ना गादीवाला!" मी म्हणालो, राहू द्या. त्या म्हणाल्या, शेजारधर्म. पुढच्या पंधरा मिनिटांत रिक्षात मी, मांडीवर तू नसलेली तुझी बॅग, आणि शेजारी कुसुमलताबाई, नवलभाऊंकडून भाव कसा पाडून घ्यायचा ते मला शिकवत. खरं सांगू? मलाही मनातून पटलं होतं. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. जे गोळा होतं ते पिंजलं की फुलतं, यापुढे आपलं शास्त्र जात नाही.

नवलभाऊंनी त्या फाटलेल्या शिवणीतून मूठभर माल काढला, बोटांत चोळला, "लई हलका माल आहे मास्तर, कुठल्या जिनिंगचा?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता यंत्रात टाकला. दिपमाला, तू बर्फ बघायला हिमालयात निघालीस. मी धुळ्यात, एप्रिलमध्ये, दुपारी बाराला बघितला. दुकान पांढरं, नवलभाऊंच्या मिशा पांढऱ्या, समोर रसवंतीवाल्यानं ग्लासांवर हात धरले. सगळं शांत झाल्यावर कुसुमलताबाईंनी खांद्यावरचं एक पीस चिमटीत धरलं, उन्हाकडे करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या कापसाला दांडी आहे."

घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. गच्चीवरचे पापड मात्र शाबूत होते, म्हणून माझाही जीव शाबूत राहिला. संध्याकाळी त्यांनीच पलकला पाठवलं. "आई म्हणते, एवढं पाप झालंच आहे तर ते वाया तरी जाऊ देऊ नका." पोरीनं फोनवर वाचून सगळं सांगितलं. बाळाचं न्हाणं असतं तसं धुवायचं: कोमट पाणी, सौम्य साबणाचे चार थेंब, पीळ नाही, नुसतं दाबायचं, साबण जाईपर्यंत पाणी बदलायचं, उचलताना दोन्ही हात खालून. मी नऊ वेळा पाणी बदललं. मग सावलीत चादरीवर पसरून सहा दिवस रोज बसलो, एकेक गोळा बोटांनी कापडावरूनच सोडवत. रागानं दाबला की सुटत नाही, हळू चाचपला की आतल्या आत पसरतो. सहा दिवसांत मी कुणाला टोमणा मारला नाही. यशोदाबाईंनी मला ताप आहे का विचारलं. आता बॅग चांगली वीतभर फुगते. पायाशी एक खण थोडा पातळ झालाय, त्यातला माल अजून रसवंतीच्या छपरावर आहे. शिवण मी घातलीय, ती बघू नकोस, आणि तिथे मोजे दोन जोड घाल. दाबून ठेवायची नसते म्हणून तुझ्या जुन्या सुती साडीत सैल बांधलीय.

इथवर मी तुला हसवत आलो, कारण तेवढंच येतं. हळदीच्या आधीच्या रविवारी आपण लळिंगचा किल्ला चढायला गेलो होतो. तुझ्या पाठीवर दहा किलो तांदूळ भरलेली सॅक, माझे हात मोकळे. अर्ध्या चढावर माझे पाय लटपटले आणि बुटाच्या नाडीचं निमित्त करून मी दगडावर बसलो. तू वर गेलीस, मागे वळून पाहिलं नाहीस. मला लाज वाटू नये म्हणून नाही पाहिलंस, हे समजायला मला पंधरा दिवस लागले. घरी यशोदाबाईंनी विचारलं, मास्तर चढले का? तू सहज म्हणालीस, "हो, दोघंही वर गेलो होतो." तू माझं एवढं झाकलंस, आणि मी त्याच आठवड्यात चारशे माणसांपुढे माइक घेतला. मला भीती वाटली होती, दिपमाला. तुला तिथे जमणार नाही याची नव्हे, जमेल याची. बुधवारच्या आत मयुरीला फोन कर आणि जा. माझ्या जिभेपायी राहू नकोस. लळिंगचं खरं काय ते मी आज सकाळी यशोदाबाईंना सांगितलं. त्यांना ते अख्ख्या गल्लीला सांगायला माइक लागला नाही; दुपारी पार गादीवाल्यासमोरच्या रसवंतीवाल्यानंही मला बसायला खुर्ची दिली.

तुझाच, अर्ध्यावर बसलेला,
पंडित