रुस्तमचा डावा पाय

सोमवार, ७ जानेवारी १९७४
नव्या वर्षाचे संकल्प सात तारखेला सुरू करावेत असं माझं मत आहे. एक तारखेला कोणीही करतं. माझा : संयमानं बोलायचं.
आज ऑफिसातून घरी येताना एका जखमी कुत्र्याचा जीव वाचवला. ते जखमी कसं झालं हा मुद्दा गौण आहे. माझी सायकल आणि ते एकाच वेळी एकाच जागी आली. मी घंटी वाजवली होती. निदान हात घंटीकडे गेला होता.
मागचा डावा पाय लोंबत होता. जनावरांच्या दवाखान्यापुढे म्हशींची ही रांग. मग सरळ तालमीत नेलं. हाड ते हाड. पिराजी वस्ताद पोरांना डाव शिकवत होते. निम्म्या कोल्हापूरचे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेत. म्हणाले, आता कुत्रीबी आमच्याकडंच आणा, म्हंजे झालं. पण बसवला पाय. अंड्याचा बलक, आंबेहळद, बांबूच्या कामट्या, वर जुन्या लंगोटाची पट्टी. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. तिथंच नाव ठरलं : रुस्तम.

त्याच दिवशी, रात्री ८.३०
पद्मजेनं दार उघडलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बायकोनं असं पाहिलं की मी बोलायला सुरुवात करतो. पाऊण तास बोललो. शेवटी ती म्हणाली, पाय बरा होईपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही.
मान्य. पंधरा दिवसांत पळवून दाखवतो आणि चांगलं घर बघून देऊन टाकतो. लळा वगैरे लावून घ्यायचा नाही. माझा स्वभावच तो नाही.

बुधवार, ९ जानेवारी
वस्ताद म्हणाले होते, खुराक चांगला द्या. खुराक म्हणजे काय ते विचारायला आज पुन्हा गेलो. त्यांनी सांगितलं, दोन शेर दूध, पन्नास बदाम, पावशेर तूप. तालमीतली पोरं तोंड फिरवून खोकत होती. धुळीनं असेल.
कोपऱ्यावर चिमणाबाई म्हैस बांधून गिऱ्हाइकासमोर धार काढून देते. तिच्याकडून दूध आणलं. बदाम पद्मजेकडून वाटून घेतले. कोणासाठी ते सांगितलं नाही. रुस्तमनं भांडं चाटून भिंतीपर्यंत नेलं. प्रकृती सुधारणार यात शंका नाही.

गुरुवार, १० जानेवारी. पहाटे ४
प्रकृती बिघडली. जास्त लिहीत नाही. सतरंजी भिजत घातली आहे.

गुरुवार, संध्याकाळ
वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, आवं, पैलवानालाबी पहिल्याच दिशी एवढं देत न्हाईत. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती, फक्त प्रमाण चुकलं. आता ताकभात. उरलेले बदाम मीच खातो. रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही ताकद लागते.

रविवार, २० जानेवारी
आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिना सतरा पायऱ्यांचा. रुस्तमला दिवसातून चार वेळा उचलून खाली नेतो, चार वेळा वर आणतो. खुराक बंद असूनही त्याचं वजन वाढतंय. मी ऑफिसला गेल्यावर याला कोण काय घालतं, ते कळायला हवं. पद्मजेला विचारलं. ती म्हणाली, मी कशाला घालू, मला काय करायचंय त्याचं.
माझ्या कमरेत चमक भरली आहे. थंडीचे दिवस.

बुधवार, ३० जानेवारी
तालमीतून आखाड्याची तांबडी माती पिशवीभर आणली. तेल-ताक-हळद पिऊन मुरलेली माती. पैलवान अंगाला लावतात, हाड घट्ट होतं. रुस्तमला आपादमस्तक लावली. लगेच पाय धरून मालीश करायचं होतं, पण तेवढ्यात तो तीन पायांवर पळाला आणि पद्मजेच्या धुतलेल्या चादरीवर लोळला. संयमानं बोलण्याचा संकल्प माझा होता, तिचा नव्हता.

रविवार, ३ फेब्रुवारी
वस्तादांनी कामट्या सोडल्या. रुस्तमनं पाय टेकला, दोन पावलं टाकली, मग तालमीला एक फेरी मारली. मग दुसरी. वस्ताद म्हणाले, झाला की वो पैलवान तयार.
मी खूश झालो. अगदी खूश. घरी येईपर्यंत खूश होतो. जिन्याखाली सवयीनं त्याला उचलून घेतलं.
पद्मजेनं विचारलं, काय म्हणाले वस्ताद. मी म्हणालो, वरवर बरा दिसतोय, पण थोडं लंगडणं आहे. नीट पाहिलं तरच कळतं. थांबायला हवं.
हे मी का म्हणालो याचा विचार करतो आहे. बहुधा शास्त्रीय सावधगिरी.

शनिवार, ९ फेब्रुवारी
माझं निदान बरोबर निघालं. आज सकाळी रुस्तम खरोखर लंगडला. मी लगेच ग्लुकोज बिस्किट दिलं, धीर यावा म्हणून. दुपारी पुन्हा लंगडला. दोन दिली. संध्याकाळी मी दार उघडताच तीन पायांवर उभा. दुखणं वाढतंय. पुडा आणून ठेवला.

गुरुवार, १४ फेब्रुवारी
चिमणाबाई म्हणाली, दादा, तुमचं कुत्रं लई पळतंय की. रोज दुपारी माझ्या म्हशीमागनं रंकाळ्यापतूर येतंय न् धार काढताना फेस चाटतंय. मी तिला समजावलं की तांबडी कुत्री सगळी सारखीच दिसतात. आमचा रुस्तम अपंग आहे. ती म्हणाली, व्हय, आसंल.
घरी आलो तर रुस्तमच्या मिशीला पांढरं काही तरी. लाळ असावी.

मंगळवार, १९ फेब्रुवारी
आज लंगडताना मागचा उजवा पाय उचलला होता. दुखणं सरकत सरकत पलीकडे गेलं असावं. वस्तादांना विचारायला हवं. विचारत नाही. थोर माणसांना किरकोळ गोष्टींसाठी किती छळायचं.
एक गोष्ट मात्र टिपून ठेवतो. ऑफिसातून घरी यायला मला आता अठरा मिनिटं लागतात. पूर्वी पस्तीस लागायची. सायकल तीच आहे.

रविवार, २४ फेब्रुवारी
आज निर्णायक पाऊल उचललं. उद्यापरवा पद्मजा विचारणार, बरा कधी होणार? तेव्हा आधीच सांगून टाकलं. गंभीर चेहरा करून म्हणालो, दोन महिने अभ्यास केला, आता आशा नाही. याचा पाय कधीच बरा होणार नाही. जन्मात याला जिना चढता येणार नाही.
पाय बरा होईपर्यंत ही तिची अट. पाय बरा होणारच नाही हे माझं निदान. म्हणजे रुस्तम कायमचा इथं. वकील व्हायला हवं होतं मी.
पद्मजा उठली. स्वयंपाकघरात गेली. रुस्तम तिच्यामागं गेला. आतून, सोन्या, असं कोणाला तरी म्हणाल्यासारखं ऐकू आलं. शेजारचा रेडिओ असेल.

मंगळवार, २६ फेब्रुवारी
पद्मजा दोन दिवस गप्प आहे. संमती मिळाली असं धरायला हरकत नाही. रुस्तमसाठी गळ्यातला पट्टा आणला, चामड्याचा, पितळी बक्कल. चप्पल शिवणाऱ्या ज्ञानूकडून मापानं करून घेतला. रविवारी समारंभानं घालायचा.

शनिवार, २ मार्च
ऑफिस अर्धा दिवस. दोनला घरी आलो तर दारात ट्रॅक्टर. चिमणाबाई, तिचा भाऊ आकाराम, आणि पद्मजा.
आकारामचं पन्हाळ्याच्या पायथ्याला गुऱ्हाळ आहे. गूळ मार्केटात घालून रिकामी ट्रॉली परत चालली होती. पद्मजेनं चिमणाबाईकडून सगळं ठरवलं होतं. तिकडे सपाट अंगण, पायरी एकसुद्धा नाही. आकारामची आई जनावरांना जीव लावते. पद्मजा मला म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, जन्मात जिना चढणार नाही. बिचाऱ्यानं इथं काय करायचं?
 तो बरा आहे म्हणावं तर आठवड्यापूर्वी मीच. आणि बरा आहे म्हटलं तरी अट होतीच. दोन्हीकडून दार बंद. वकील नाही झालो ते बरं.
आकाराम म्हणाला, पावणं, जरा धरून चढवा ट्रॉलीत, लंगडं जनावर हाय. मी वाकलो. कमरेत चमक आली. रुस्तमनं माझ्या पाठीवरून एका उडीत ट्रॉली गाठली आणि गुळाचा सांडलेला चुरा चाटू लागला. चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला.
ट्रॅक्टर वळेपर्यंत दारात उभा होतो. पट्टा घालायचा राहिला.

सोमवार, ४ मार्च
पद्मजा तांदूळ निवडत होती. मध्येच म्हणाली, ठणठणीत असता तर मी त्याला कशाला पाठवलं असतं? मी म्हणालो, अट तुझीच होती. ती म्हणाली, ती जानेवारीतली. पुढं मीच रोज दुपारी त्याला दूध-चपाती घालत होते. पण तुमची कंबर आणि त्याचा पाय, दोन दुखणी एका जिन्यावर कशी ठेवायची? रोज अंथरुणातून उठताना तुम्ही कण्हता, ते मला ऐकू येत नाही का?
मी विचारलं, तो पळतो हे तुला कळलं नव्हतं? ती म्हणाली, मला शंका होती, दुपारी माझा डोळा लागला की तो कुठं तरी जाऊन यायचा. पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत, दोन महिने अभ्यास केला म्हणालात. मला वाटलं, खरं असेल.
लग्नाला अकरा वर्षं झाली. माझं बोलणं तिनं पहिल्यांदाच खरं मानलं.
परत आणू या का, असं विचारलं. ती म्हणाली, म्हातारीनं त्याला जवळ घेतलंय, दिलेलं माघारी मागायचं नाही. बरोबर आहे. पण वाईट वाटतंय. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

रविवार, १० मार्च
पन्हाळ्याला एस.टी.नं गेलो. हवा पालटायला. पद्मजा म्हणाली, मीही येते. माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, तिच्या पिशवीत चपात्या. दोघांनीही एकमेकांची पिशवी पाहिली नाही असं दाखवलं.
गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा रुस्तम कोंबड्यांमागे पळत होता. चारही पाय जमिनीवर नव्हते, इतका पळत होता. आकारामची आई ओरडत होती आणि हसत होती.
मग त्यानं मला पाहिलं. थांबला. एक पाय वर घेतला आणि सगळं अंगण तीन पायांवर लंगडत ओलांडून माझ्याकडे आला.
आकाराम बघतच राहिला. म्हणाला, आवं पावणं, आठ दिस घोड्यागत पळतोय की ह्यो. आत्ताच काय झालं ह्याला? मी खाली बसलो आणि पुडा फोडला. तो पाय वर धरून एक एक बिस्किट खात होता. माझ्याकडे बघत. मध्ये मध्ये पाय थकायचा, मग तो बदलायचा.
पुडा संपला. मी कागद उलटा करून दाखवला. त्यानं नीट वास घेतला, पाय खाली ठेवला आणि कोंबड्यांकडे धावत गेला.
पद्मजा म्हणाली, बरा झाला हो तो.
मी म्हणालो, हो. झाला.