आंबटाचं पथ्य

१२ एप्रिल
आज पेशीला आम्ल दिलं. काचेच्या नळीच्या टोकाला पेशीच्या आवरणाचा इवलासा तुकडा, त्यात मिठातलं क्लोराइड ज्यातून ये-जा करतं असं एकच दार. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात बिघडतं ते हेच. आजचं मात्र धडधाकट पेशीतलं. आतल्या बाजूला आम्ल वाढलं की दार मिटणार, अशी माझी खात्री. मिटलं नाही. उलट जास्त वेळ उघडं! द्रावण बनवताना मीच माती खाल्ली असणार.

१३ एप्रिल
नवं द्रावण. मीटर दोनदा तपासला. तेच. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "दहा वेळा आलं की मग नाचा." नाचत नव्हते. फक्त खुर्चीवरून उठले होते.

१६ एप्रिल
रुग्णालयात नमुने मागायला. सुरेखाताई, लोणी काळभोरहून आलेल्या. मुलगी ईश्वरी, नऊ वर्षांची, हाच आजार. यात घामावाटे मीठ फार जातं; घाम वाळून कपाळावर मिठाचे कण. तिच्या नाकातल्या थोड्या पेशी हव्यात, म्हणून संमतीचा कागद समजावत होते, तर बाईंनी विचारलं, "पथ्य काय?" डॉक्टरांना विचारा म्हणून गप्प बसायचं. पण मी कुठली बसते! पेशीतलं आम्ल, दार, सगळं पुराण लावलं. इतकं मन लावून ऐकत होत्या की मला फार बरं वाटलं. नमुना नाही दिला. घरी विचारून सांगते म्हणाल्या.

२९ एप्रिल
आठव्यांदा तेच. पण का? दार उघडायला ऊर्जा देणारा जो रेणू लागतो, तो आम्लात जास्त घट्ट धरला जात असेल? आणि ईश्वरीसारखं बिघडलेलं दार? तेही उघडेल का, थोडंसं तरी? याच नादात स्वारगेटला उतरायचं राहिलं. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पुढचं तिकीट काढा, मग विचार करा."

८ मे
ईश्वरी ॲडमिट. उलट्या, पायात गोळे, अंगातलं मीठ पार उतरलेलं. सलाइन लावलंय. सुरेखाताई कॉटशेजारी.
"असं कसं झालं ओ ताई? मी तर आंबट समदं बंद केलंय. तुमीच म्हणला व्हता ना, पेशीत आम्ल हाय म्हणून."
लिंबू सरबत, ताक, लोणचं. सगळं बंद. या पोरीच्या पोटात मीठ जात होतं ते यातूनच, आणि उन्हाळ्यात तिला ते दुप्पट हवं. पथ्य अगदी काटेकोर पाळलं होतं बाईंनी, तीन आठवडे.
"चूक माझी आहे," म्हटलं. डॉक्टर ऐकत होते.

१० मे
ईश्वरी बरी. वरण-भात खाल्ला, लोणचं मागून घेतलं. मी घरी येऊन रडले.
खाल्लेलं आंबट असं पेशीत जाऊन बसत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना कसं असणार? मी कुठं सांगितलं? आणि माझ्या प्रयोगात तर आम्लानं दार उघडतंय. म्हणजे ज्या भीतीनं त्यांनी ताक बंद केलं, त्या भीतीलाही बूड नाही. दारांबद्दल मी बरंच वाचलंय, ऐकणाऱ्याबद्दल काहीच नाही.

२४ मे
सुरेखाताई स्वतःहून आल्या. नमुना देते म्हणाल्या. पण आधी पिशवीतून वही काढली.
"आता जे सांगायचं ते हितं लिहून द्या. खाली सही करा."
लिहिलं: मीठ बंद करू नये. खाण्याचं डॉक्टरांनाच विचारावं. आम्लानं ईश्वरीच्या पेशीतलं दार उघडतं की मिटतं, मला माहीत नाही.
सही केली. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.
"म्हंजे म्हाईत न्हाई, तरी बघताय?"
"म्हणूनच बघतेय."

१९ जून
ईश्वरीच्या पेशी काचेच्या बशीत छान वाढतायत. पहिलं रेकॉर्डिंग. साध्या द्रावणात पडद्यावर सरळ रेघ, म्हणजे दार बंद. मग आम्ल. अकरा मिनिटं रेघच. आणि मग रेघेला एक पायरी, दार उघडलं की येते तशी. एकच, बारीकशी. दार होतं की मशीनची कुरकुर? मागं जाऊन सात वेळा पाहिलं. सर म्हणाले, "कुरकुर." मला नाही वाटत. की मला तसं वाटायलाच हवंय?
संध्याकाळी सुरेखाताईंचा फोन. काय दिसलं?
सरांना आवडणार नाही, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. "एकदाच काहीतरी हललं. खरं की खोटं, माहीत नाही."
त्या म्हणाल्या,
"मग परत बघा की. आमी हाय हितंच."