खेळाच्या तासाला सर्दी

प्रिय ठमे,

अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हातानं लिहितेय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. तू बाहेरगावी कामात, म्हणून कळवलं नव्हतं. पडले नाही, घसरले नाही. अडकलेली खिडकी जोरात ढकलली आणि कट्ट असा आवाज आला. जन्मभर टेबलावर मुठी आपटून भाषणं ठोकली, आणि हरले कुणापुढे, तर खिडकीपुढे.

हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं विरळ झालीत. लहानपणी खेळायचात का, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, आम्ही वाचायचो. त्या हसल्या नाहीत. हाडांची मुख्य भरणी धावण्या-उड्या मारण्याच्या वयात होते, पुढे आहे ते टिकवायचं, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला तू दिसत होतीस.

दर मंगळवारी खेळाचा तास, दर मंगळवारी माझी चिठ्ठी: पाल्यास सर्दी आहे. पाच वर्षं तुला सर्दी! तू तेवढ्या वेळात वाचनालयात बसून वक्तृत्वस्पर्धेची भाषणं पाठ करायचीस. खेळाचे सर एकदा घरी आले. म्हणाले, "बाई, पोरीला नुसतं पळू तरी द्या." मी त्यांना अर्धा तास बुद्धीची थोरवी ऐकवली. चहा न पिताच गेले बिचारे. मी मात्र सभा जिंकल्याच्या तोऱ्यात.

गेल्या वर्षी साध्या पायरीवर तुझा पाय मुरगळला आणि हाडच चिरलं. मी चपलेला दोष दिला होता. आता फोनवर पाठ दुखतेय म्हणालीस की मला ते चिरलेलं हाड आठवतं. संबंध नसेलही. पण तपासून घे. चाल, जिने चढ, वजन उचल. छत्तिशीत उशीर झालेला नसतो, हेही मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलंय.

आता मुद्द्याचं. खेळाच्या तासाऐवजी लेकीला गणिताच्या जादा वर्गाला बसवायचं, अर्ज आला की सही कर, असं तू तिला माझ्याकडे ठेवून जाताना सांगितलं होतंस. अर्ज आलाय. मी सही केलेली नाही, करणारही नाही. तू तिची आई आहेस. आल्यावर तुला वाटलं तर तू कर, मी अडवणार नाही. आज शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघितलं. पोरगी सगळ्यांत मागे धावत होती, धापा टाकत, दात काढत. ती पडेल म्हणून माझा जीव टांगणीला, आणि थांबेल म्हणून त्याहून जास्त.

तुझीच, धास्तावलेली
आई