कन्हानची आंघोळ

नागपूर,
शनिवार, ९ नोव्हेंबर १९८५

प्रिय गोपी,

तू आणि तुझ्या भावाकडची मंडळी खुशाल असाल. नरखेडकडे यंदा संत्र्याला बहार चांगला आहे म्हणतात. दहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पुडकं उघडावं की चुलीत घालावं, असं तुला क्षणभर वाटलं असेल.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागची ती चूल आठवते? सिस्टर मार्था मटणाची उरलेली चरबी डब्यात साठवायच्या आणि शनिवारी तिचा साबण करायच्या. आपण दोघी लाकडी दांड्यानं ढवळायचो. चरबी नुसत्या पाण्यावर तरंगते, सोडा घालून शिजवली की पाण्यात मिसळून जाते, असं त्या सांगत. आपण दोघी शाकाहारी घरच्या. "घरी सांगशील तं पाय तोडीन वं तुझे," असा दम तू मला भरायचीस. मी कधी सांगितलं नाही.

आता पंचाहत्तर सालाचं लिहिते. तेव्हा हे मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेजातून उशिरा येत. विचारलं की प्रॅक्टिकल होतं म्हणत. रसायनशास्त्राच्या माणसाला प्रॅक्टिकल असणारच. पण येताना केस ओले असत आणि अंगाला चंदनाच्या साबणाचा वास. आमच्याकडे कडुनिंबाचा साबण. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "काहून वं, घरच्या पाण्यात काटे आहेत का? हा बाहेरून न्हाऊन येऊन राहिला."

मी हसले. पण मंगळवार आणि शुक्रवार मोजू लागले. शर्टाच्या बाह्या हुंगल्या. एक दिवस त्यांच्या पिशवीत ओला टॉवेल सापडला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं इंग्रजी 'जी' अक्षर, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या क्रॉस-स्टिचचं. तो टॉवेल मी परत ठेवला नाही. त्यांनीही कधी विचारला नाही, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला.

तू तेव्हा कन्हानच्या घरी एकटी होतीस. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, दोन म्हशी आणि अंगणातली ती गोबरगॅसची टाकी. मग कुणीतरी तुझ्या थोरल्या दिरांना, रुपरावांना, निनावी पत्र घातलं की एक परका माणूस आठवड्यातून दोनदा तुमच्या भावजयीकडे येतो आणि आंघोळ करून जातो. त्यांनी टाकीत माती भरली, घराला कुलूप लावलं आणि तुला भावाकडे पाठवून दिलं. तू मला दोन पत्रं लिहिलीस. मी ती न उघडता परत केली. हे त्यानंतर वेळेवर, कोरड्या केसांनी घरी येऊ लागले. आमच्यात त्यावर कधी एक शब्द झाला नाही.

मागच्या वर्षी हे गेले, ते तुला कळलं असेल. गेल्या महिन्यात कवडू आला. कत्तलखान्यात कामाला होता तो. त्यानं एक वही आणून दिली. तू कुलूप लागायच्या आधी त्याच्याकडे ठेवायला दिली होतीस म्हणे.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. रॉकेलच्या टंचाईत दोन म्हशींच्या शेणावर तुझी शेगडी जेमतेम तास-सव्वा तास जळायची. यांनी कत्तलखान्यातली चरबी टाकीत घालून पाहिली. तिची वर जाड साय धरली आणि गॅस बंद पडला. त्याच पानाच्या कडेला तुझं अक्षर आहे: "सिस्टरसारखी आधी सोड्यात शिजवा." पुढच्या पानावर यांचं: सोडा बेताचा, दोन तास मंद आच, निवल्यावर शेणात कालवून रोज थोडीच. आणि खाली, शेगडी पावणेतीन तास.

आधी मला रागच आला. ती चूल माझीही होती. मला का विचारलं नाही?

कवडू म्हणाला, "बाई, गोपिकाबाई तं म्हनत होत्या, देवकीले सांगा. सर म्हनत, तिच्या पोटात आईपासून काही राहत नाही. चरबीचा वास घरी गेला तं आई जेवाची नाही. म्हनून तिथं विहिरीवर न्हात. अन् सर न्हात तोवर बाई अंदरून कडी लावून बसत."

त्या कडीवर माझा विश्वास बसायला चार दिवस लागले. तुझ्या घराला कुलूप लागलं तेव्हा हे खाली मान घालून घरात का बसले, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. संशयाची सवय लवकर जात नाही, गोपी.

निघताना कवडूनं आणखी एक सांगितलं. रुपरावांनी ते निनावी पत्र तुझ्यापुढे फेकलं तेव्हा तो अंगणात होता. तू ते बराच वेळ धरून पाहिलंस आणि म्हणालीस, "अक्षर ओळखीचं नाही."

लहानपणी मी डावखुरी होते. सिस्टर पट्टीनं मारून उजव्या हातात पेन्सिल द्यायच्या. मागच्या पायरीवर बसून मी डाव्या हातानं लिहून दाखवायचे आणि अक्षरं कशी मागे रेलतात म्हणून तू हसायचीस. ते अक्षर या जगात तू एकटीनंच पाहिलं होतं.

सोमवारी धंतोलीत माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजीचं नाही म्हणतात. त्यांच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. म्हणून इथून पुढचं डाव्या हातानं लिहिते.

वही तुझी, ती या पत्रासोबत पाठवते आहे. टॉवेलही, धुऊन. यांची स्कूटर कवडूला द्यायची, कागद कपाटात आहेत. हे पान रुपरावांना दे. ते निनावी पत्र त्यांनी जपून ठेवलं आहे, असं कवडू म्हणतो. चार माणसांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा म्हणावं, आणि कन्हानच्या घराची किल्ली गोपिकाच्या हातात द्या.

चंदनाच्या साबणाची एक वडी आणून ठेवली आहे. ती मी वापरली नाही. ती कुणाला द्यायची, ते तू आलीस तर ठरवू.

डाव्या हाताची,
देवकी