टीव्ही मावला नाही तेव्हा

प्रिय ठमाबाई,

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तू माझ्याशी बोलणं टाकशील की काय, या धास्तीने आठवडाभर नुसती घरात येरझाऱ्या घालते आहे. आधी टीव्हीचं सांगते. वैतागू नकोस, एकातूनच दुसरं निघालंय.

तू म्हणाली होतीस की साधा टीव्ही घे, डोक्याला ताप नको. मीही तेच ठरवून दुकानात गेले. बरोबर डॉक्टर होते, वरच्या मजल्यावरचे, तुझी अक्कलदाढ काढली होती तेच. दवाखाना भाच्याकडे सोपवल्यापासून ते रिकामेच असतात. आमची अडचण अशी, की एकच मालिका ते वर बघायचे आणि मी खाली, मग सकाळी जिन्यात चर्चा. त्यांना मुळात दम नाही. पुढचा भाग बघून बसलेले असायचे आणि खुनी कोण ते सांगून मोकळे व्हायचे. शेवटी मी चिडून म्हटलं, त्यापेक्षा एकत्रच बघू या, निदान दोघांना एकदम तरी कळेल. ते इतक्या पटकन हो म्हणाले की मीच गांगरले.

दुकानातली बाई मोठी बोलकी होती. आधी तिने प्रोजेक्टर दाखवला. भिंतभर चित्र, पण त्याला खोलीत अंधार हवा. जाड पडदे मी एका बैठकीत शिवले असते गं, पण भर दिवसा काळोख करून बसणं मला जमायचं नाही. तुझे बाबा गेल्यावर तसं पुष्कळ बसून झालं. मग तिने आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि चार बाजूंनी स्पीकर लावून एक सिनेमा सुरू केला. त्यात दार वाजलं, अगदी माझ्या पाठीमागे, आणि मी ‘आले, आले’ म्हणत दार उघडायला उठले. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मागचे स्पीकर तिथेच रद्द. धडधड आवाज करणारा स्पीकरचा मोठा डबाही नको म्हटलं, खालच्यांकडे तान्हं बाळ आहे.

अखेर टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी घेतली, साउंडबार म्हणतात तिला. तिच्या रिमोटवर एक बटण आहे. ते दाबलं की फक्त माणसांचं बोलणं मोठं होतं, गोळीबार आणि संगीत मागे राहतं. ते बटण बघून डॉक्टर हळूच म्हणाले की त्यांना डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं, आणि हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. दुकानात, सगळ्यांच्या देखत, मला सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

मग सिनेमे-मालिका बघायला पैसे भरून कुठली सेवा घ्यायची यावर वाद. त्यांना खून आणि कोर्ट, मला जुने सिनेमे आणि घरं सजवण्याचे कार्यक्रम. एक त्यांनी घेतली, एक मी. खरं सांगू, इतके दिवस मी तुझ्याच खात्यावर बघत होते. त्यात तू बाबांच्या नावाचं प्रोफाइल, त्यांच्या चित्रासकट, अजून ठेवलं आहेस आणि मी तेच दाबायची. मी काहीही पाहिलं तरी ते मला कुस्ती आणि लढाऊ विमानंच सुचवायचं. मला ते आवडायचं, राग कधीच आला नाही. ते पुसू नकोस. पण आता मी माझ्या नावाचं वेगळं उघडलं आहे, आणि त्याला मला काय आवडतं ते अजून कळायचं आहे.

आता माझा घोटाळा ऐक. मापाशिवाय मी काही घेत नाही, हे तुला ठाऊकच आहे. बाबांचं कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या भिंतीचं मी टेपने माप घेतलं आणि त्यावरून वर्तमानपत्राचा कागद, टीव्हीच्या आकाराचा, जमिनीवर पसरून बेतून कापला. तोच कागद दुकानात नेऊन सांगितलं, एवढा द्या. टीव्ही घरी आला आणि मावेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर ब्लाउज बेतले, हात आपोआप चालला. शिलाईसाठी चारी बाजूंनी कापड जास्त सोडतात, तसा मी कागद सोडला होता.

कपाट हलवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तुला माहीत आहे, रंग देताना सुद्धा मी ते कोणाला हलवू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी लगेच टीव्ही परत करून छोटा आणू म्हटलं. कपाटाला हात लावायचा नाही, असं बजावलं आणि मला एकटीला विचार करता यावा म्हणून जिन्यात जाऊन उभे राहिले. मी बराच वेळ त्या कपाटापुढे उभी होते. मग एकेक वस्तू काढली, पुसली, आणि त्यांना आत बोलावलं. आता कपाट तुझ्या खोलीत आहे, सगळं होतं त्याच क्रमाने. मी रडले, हो. पण बाबांना घराबाहेर काढलं असं मला एकदाही वाटलं नाही. घर पुन्हा माझं वाटलं. आल्यावर हॉल बघून तुला धक्का बसू नये, म्हणून आधीच सांगते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी इतकं पाल्हाळ लावलं. मी आणि डॉक्टर लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, साधं, नोंदणी कार्यालयात. त्यांना आधी तुला विचारायचं होतं, मीच म्हटलं की माझ्या मुलीला मी सांगेन. मला ते आवडतात, ठमे. याहून वेगळं कारण शोधत बसले होते, सापडलं नाही. परवानगी मागत नाही, ती मी तुझ्या लग्नात तुलाही मागायला लावली नव्हती. तिथे सह्या करायला साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून भाचा येतो आहे. माझ्याकडून कोण, असं कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून आले आहे. रागावली असलीस तर भांडायला ये, पण ये. तुझ्या सहीशिवाय मला हे लग्न करायचं नाही.

तुझीच,
थोडी घाबरलेली आई