खारवलेल्या तंगडीचा दाखला

पोर्ताल्बा,
मंगळवार, १९ मे

तीर्थरूप इरीदे आत्यांना,
धाकट्या एर्सीलियाचा दोन्ही गालांवर ओठ टेकून आदरपूर्वक नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे मागील पत्र पोहोचले. मात्र पाकिटाला दोन वेळा गोंद लावलेला आढळला. पहिला थर तुमचा असणार हे उघड आहे. दुसरा कुणाचा, हे कळेपर्यंत आपण टपालखात्यावर विसंबू नये असे माझे नम्र मत आहे. म्हणून हे पत्र मी उद्या सकाळच्या बसच्या चालकाच्या हाती देत आहे. (तोही पूर्णपणे भरवशाचा नाही, पण त्याला वाचताना चष्मा लागतो आणि चष्मा घालून तो बस चालवत नाही.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही आधी कोंबडीला खाऊ घालून पाहिल्या, हे वाचून आम्हा सर्वांची काळजी मिटली. कोंबडीचे पुढे काय झाले, ते मात्र तुम्ही लिहिले नाही. ते वगळण्यामागे काही कारण असल्यास कृपया कळवावे.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची माझी तीव्र इच्छा होती. परंतु परवा गुरुवारी दुपारी चार वाजता दैनिकाच्या संपादकांनी अमील्कारे काकांना कचेरीत बोलावले आहे, आणि एकतीस वर्षे चाललेले त्यांचे सदर त्या भेटीनंतर चालू राहील की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घडलेला सारा प्रकार क्रमाने लिहिते. तो वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घालावे. निदान कोंबडीच्या आवाक्याबाहेर ठेवावे.

तुम्हाला ठाऊकच आहे की आपला पोर्ताल्बाचा संघ चाळीस वर्षांनी यंदा फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत चढला. घरच्या मैदानावरील प्रत्येक सामन्यानंतर सोमवारच्या अंकात काका खेळाडूंना दहापैकी गुण देतात. सहाला उत्तीर्ण, पाचला नापास, शाळेतल्यासारखेच. प्रत्येक नावापुढे एखाद्या शब्दाचा शेरा. गावातील अर्धी भांडणे या गुणांनी सुरू होतात आणि उरलेली याच गुणांनी मिटतात. तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की गेल्या ऑगस्टपासून काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मैदानाची अलीकडची बाजू त्यांना दुधात बुडवल्यासारखी दिसते, पलीकडची मुळीच दिसत नाही. शस्त्रक्रिया जूनमध्ये शहरातल्या इस्पितळात व्हायची आहे. चाळीस वर्षांनी आलेला हा हंगाम दुसऱ्या कुणी लिहावा, हे काकांना मरण पत्करण्यासारखे वाटत होते. म्हणून त्यांनी ही बाब संपादकांपासून, गावच्या डॉक्टरांपासून (त्यांना ते फक्त डोकेदुखी सांगत) आणि तुमच्यापासूनही लपवली. सांगितले ते फक्त मला, कारण घरात कुणाशीही न बोलणारी मी एकटीच आहे.

अशा रीतीने लॅटिन व्याकरणात विद्यापीठात पहिली आलेली मी, आईची नाटकाची दुर्बीण पदराआड लपवावी तशी शालीत लपवून, वार्ताहरांच्या सज्जात काकांच्या शेजारी बसू लागले. सुरुवातीला मी फक्त काय घडते ते त्यांच्या कानात सांगत असे. तिसऱ्या सामन्यापासून ते गुणही मलाच विचारू लागले. आत्या, मला जन्मभर गुण मिळतच आले आहेत. दुसऱ्याला देण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी तो गांभीर्याने घेतला. आमच्या मुख्याध्यापिका जे निकष लावत तेच मी लावले: वर्तन, टापटीप, नियमितपणा. दोन गोल करणाऱ्या मध्य आघाडीवीराला मी चार गुण दिले, कारण त्याचे मोजे घोट्यापर्यंत उतरलेले होते आणि त्याने पंचांना उलट उत्तर दिले. गोलरक्षकाला पाच दिले, कारण तो तासभर रिकामा उभा होता. (गोलरक्षक रिकामा असणे हे इतरांचे यश मानतात, हे काकांनी मला नंतर समजावले. तरीही त्या वेळात त्याला काहीतरी करता आले असते, असे मला अजून वाटते.) गावाला वाटले, म्हातारपणी अमील्कारेंना धार चढली आहे. लोक सदर कापून भिंतीला लावू लागले. काका इतके खूश झाले की त्यांनी माझे शेरे एका अक्षरानेही बदलले नाहीत.

आता डाव्या बगलेवरील बचावपटू एलीओ ताव्यान यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. हे गृहस्थ तुमच्याच खोऱ्यातले. त्यांना पंधरांपैकी अकरा सामन्यांत मी सात गुण दिले. यात कोणतेही रहस्य नाही. त्यांचे मोजे वर असतात. चेंडू बाहेर गेला तर ते तो स्वतः उचलून प्रतिपक्षाच्या हाती देतात. आणि चढाई फसली तरी धावत आपल्या जागेवर परत येतात, जे आमच्या वर्गात फारच थोड्यांना जमत असे. दुर्बीण वारंवार त्यांच्याकडेच वळत होती हे खरे, पण तिचा स्क्रू ढिला असावा असा मला संशय आहे. ती सोडली की डावीकडे झुकते. (मध्यंतरानंतर बाजू बदलल्यावर ती उजवीकडे झुकू लागते. हे स्क्रूने स्पष्ट होत नाही. मी तपास करीत आहे.)

ही अकरा साते प्रथम मोजली ती ओरेस्ते न्हाव्याने. त्याचे दुकान बसथांब्यासमोर आहे, आणि गावात काय येते, काय जाते याची नोंद तो गिऱ्हाइकाच्या दाढीपेक्षा अधिक काळजीने ठेवतो. नोव्हेंबरमध्ये तुम्ही बसच्या चालकाबरोबर काकांसाठी डुकराची खारवून वाळवलेली तंगडी पाठवलीत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ती अप्रतिम होती. परंतु आत्या, ती तुम्ही हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टेबलाच्या आच्छादनात गुंडाळली होतीत. हिरवा-पांढरा हा आपल्या संघाचा रंग आहे. ओरेस्तेने ती उतरताना पाहिली. ताव्यान तंगडीच्या खोऱ्यातले, तंगडी संघाच्या रंगात, आणि काका सातावर सात देत सुटलेले. एवढ्यावर त्याने जो सिद्धांत उभारला, त्यात तर्कशास्त्राच्या दृष्टीने मला एकच दोष काढता आला: तो खोटा होता. आठवड्याभरात कॉफीच्या दुकानात काकांना पाहून लोक चाकूने हवेत पातळ काप काढल्याचा अभिनय करू लागले. सुदैवाने काकांना ते दिसत नव्हते. त्यांना वाटे, लोक नमस्कार करतात, आणि तेही प्रसन्नपणे हात हलवून उत्तर देत. त्यामुळे संशय अधिकच दृढ झाला.

एवढ्यावर निभावले असते. पण परवा, रविवारी, हंगामाचा शेवटचा सामना झाला. आपल्याला श्रेणीत टिकण्यासाठी बरोबरी पुरेशी होती. पाहुण्यांना जिंकणे आवश्यक होते. अठ्ठ्याऐंशी मिनिटे शून्य-शून्य. मग पाहुण्यांच्या एका खेळाडूने गोलाच्या दिशेने चेंडू मारला आणि तो वाटेत थांबला. सारे मैदान ओरडले, पंचांच्या समोर तीन माणसे होती, सामना पुढे चालू राहिला. दुर्बीण (वर सांगितलेल्या कारणामुळे) त्या क्षणी ताव्यान यांच्यावरच होती. माझा श्वास अडकलेला काकांना ऐकू गेला.

"एर्सी, खरं सांग. हाताला लागला?"

"लागला, काका."

"कुणी पाहिलं?"

"मी."

काकांनी मैदानाच्या त्या दुधाकडे तोंड वळवले. मग म्हणाले, "म्हणजे मी पाहिलं."

आपण वाचलो. गावात कारंज्यात माणसे उतरली, चर्चची घंटा वेळापत्रक सोडून वाजली. आणि सोमवारच्या अंकात, सहा-सातांच्या रांगेत, ताव्यान यांच्या नावापुढे छापले गेले: चार. उजवा हात.

त्यानंतर जे झाले त्याची कल्पना तुम्हाला येईलच. ज्या हाताने गाव वाचवले त्या हातालाच काकांनी नापास केले, याला फितुरीखेरीज दुसरे नाव कुणाला सुचेना. भर म्हणून खालच्या श्रेणीत घसरलेल्या पाहुण्यांच्या गावातून काकांना तार आली: 'पोर्ताल्बातील एकमेव प्रामाणिक माणसास प्रणाम.' तार आमच्या घरी पोहोचण्यापूर्वी टपालकचेरीतून सगळ्या गावाने पाठ केली होती. त्याच दिवशी काका सवयीप्रमाणे दाढीला गेले. ओरेस्तेने गळ्याशी वस्तरा टेकवून चारचौघांत विचारले, "काय अमील्कारेसाहेब, तंगडी संपली वाटतं?" वस्तऱ्याखाली माणूस मान हलवू शकत नाही, त्या स्थिरतेची कबुलीजबाब म्हणून नोंद झाली. आता गावाचे मत असे आहे की तंगडी होती तोवर सात, तंगडी संपली तेव्हा चार.

पेच असा आहे, आत्या. काकांनी लाच घेतली नाही असे सांगायचे, तर ती अकरा साते कुठून आली हे सांगावे लागेल. ते सांगितले की मोतीबिंदू उघडा पडेल. म्हणजे गुरुवारी चारला काका एक तर लाचखाऊ ठरतील, नाहीतर आंधळे. आणि दोन्ही परिस्थितींत सदर जाईल. शस्त्रक्रियेनंतर, जुलैत, त्यांना पुन्हा स्वच्छ दिसू लागेल; पाहण्यासारखे काही हाती उरले असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. काल संध्याकाळी त्यांनी आपल्या शिसपेन्सिलीला टोक काढून ती पुन्हा पेटीत ठेवली. मी दोष माझ्यावर घेण्याचा प्रस्ताव मांडला. ते म्हणाले, "तुला काय समजतंय फुटबॉलमधलं?" आणि मग, निजायला जाताना, "चार बरोबर होता."

वडीलधाऱ्यांना सप्रेम नमस्कार, शेजारच्यांना (दुसऱ्या गोंदाबद्दल ज्यांच्यावर संशय आहे ते वगळून) यथायोग्य. गुडघा जपावा.

तुमची आज्ञाधारक भाची,
एर्सीलिया

ता. क. १: ज्यासाठी हे सर्व लिहिले ते सांगायचे राहिले. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पोहोचेल अशा बेताने, साध्या कागदावर, तुमच्या सहीने पुढील मजकूर पाठवावा: 'मी, इरीदे, असे लिहून देते की गेल्या नोव्हेंबरात मी माझा भाऊ अमील्कारे यास खारवलेली एक तंगडी स्वखुशीने पाठवली, आच्छादनाचा रंग हा निव्वळ योगायोग होय.' 'एक' हा आकडा कृपया अक्षरांत लिहावा, म्हणजे त्यात कुणाला फेरफार करता येणार नाही. निदान तंगडीचा आरोप तरी निघेल.

ता. क. २: पाकीट चिकटवण्याच्या बेतात असतानाच दारावरची घंटा वाजली. काका जेवून झोपले होते. दारात श्री. ताव्यान उभे होते, हातात एक पुडके. प्रत्यक्षात ते दुर्बिणीतल्यापेक्षा लहान दिसतात. मला वाटले, गुण वाढवून मागायला आले असावेत. ते म्हणाले, "चार बरोबर आहे. पण हात डावा होता."

मी म्हटले, मला उजवाच दिसला. ते म्हणाले, "तुम्ही समोरून बघत होतात." (ते गेल्यावर मी झोपलेल्या काकांच्या पायथ्याशी उभी राहून पडताळा घेतला. ते बरोबर आहेत. बुधवारच्या अंकात दुरुस्ती जाईल.) मग ते म्हणाले की साताबद्दलही त्यांना बोलायचे होते, विशेषतः फेब्रुवारीतल्या साताबद्दल; ते त्यांच्या आईलासुद्धा पटले नव्हते. गुण मी देते हे त्यांना कसे कळले, असे मी विचारले. "तुमचे काका गोलफलकाकडे बघत असतात. दुर्बीण माझ्याकडे असते." आत्या, हे कळण्यासाठी सामन्यात चेंडू सोडून सज्जाकडे पाहावे लागते; आणि एकदा नव्हे, पंधरा सामने. हा गंभीर निष्काळजीपणा असून फेब्रुवारीत ते इतके वाईट का खेळले, हे कोडे त्याने उलगडते. अर्धा गुण कापावा लागेल, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "कापा."

गुरुवारी चारला ते स्वतः संपादकांकडे येऊन चेंडू हाताला लागल्याचे सांगणार आहेत. गाव तुमची दाढी करणार नाही, असा इशारा मी दिला. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि दाढी वाढवू म्हणाले. स्वतःचे गुण कमी करून घेण्यासाठी जो माणूस चार कोस चालत येतो, त्याचा हेतू काय असावा? मी दुपारभर विचार केला. शुद्ध हेतू धरला तरच सगळे जुळते, आणि नेमके तेच मला संशयास्पद वाटते. त्यांच्या घराण्याविषयी तुमच्या खोऱ्यात काय बोलले जाते, ते दाखल्याबरोबर, पण वेगळ्या कागदावर कळवावे. काकांना यातले काही लिहू नये.

ता. क. ३: ते पुडके त्यांच्या आईने पाठवले होते. 'गुण देणाऱ्या बाईंस' असे वर लिहिले होते, आणि आतून खारवलेल्या मांसाचा ओळखीचा वास येत होता. मी परत करायला धावले, तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते, आणि ओरेस्ते दुकानाच्या दारात उभा होता. तरी वरील मसुद्यातील अक्षरी आकडा गाळावा, आणि 'तंगडी' हा शब्द कृपया अनेकवचनी लिहावा.