सुमंतच्या बापाचं लिमिट

३ नोव्हेंबर २०२५

काम मिळालं. सुमंतच्याच घरी!

नागपुरातलं बेसा, चौथा मजला. त्याचे वडील गोपाळराव बाथरूममध्ये पडले, मांडीचं हाड मोडलं. दिवसभर पाहायला बाई पाहिजे होती. त्यांच्या भांडेवालीकडून कळलं, तशी सरळ जाऊन दारात उभी राहिले. नाव सांगितलं सरिता. त्याची बायको चिन्मयी पगाराचं बोलली. तो फोनवर. माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

मार्चमध्येही नव्हतं पाहिलं. त्याची दोन माणसं जरीपटक्यात आमच्या दारातून माझ्या नवऱ्याची, अंकुशची मोटरसायकल ढकलत नेत होती. मी गाडीच्या काळ्या काचेवर हात आपटत होते. काच दोन बोटं उघडी होती, आत हा मोबाईलमध्ये.

आता रोज पाहीन मी त्याच्याकडे.

५ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते. राग शिळा व्हायला नको.

अंकुश हिंगण्याला मशीनवर होता. चौदा वर्षं एकच कंपनी. बसमधल्या कोणीतरी सुमंतचा नंबर दिला. सुमंतने व्हॉट्सॲपवर आयडी पाठवला, ऑनलाइन कॅसिनोचा. आधी पैसे भरायचे नाहीत. आधी खेळा, सोमवारी हिशेब. पन्नास हजाराचं लिमिट! ज्याच्या खिशात महिन्याच्या वीस तारखेला दोनशे रुपये नसायचे, त्याला पन्नास हजार खेळायला.

हरला की लिमिट वाढवून द्यायचा. "पैसे निघून येतील दादा, टेन्शन नका घेऊ." साडेचार लाख झाले. पीएफ गेला, माझी पोत गेली, गाडी गेली. एप्रिलमध्ये अंकुश काय प्यायला ते इथे लिहीत नाही. वाचला. अन्ननळी जळली. आता पेज, ताक, डाळीचं पाणी. नोकरी नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, त्याला कोणी बळजबरी केली होती का? कागद आहे का काही?

ऑगस्टमध्ये बंदी आली असल्या खेळांवर. सुमंतचा फोन तरी दिवसभर वाजतो.

१४ नोव्हेंबर

गोपाळरावांच्या गोळ्यांचा डबा माझ्याच हातात असतो. रक्त पातळ व्हायची एक पांढरी गोळी आहे. चिन्मयी रोज सांगते, "ही एकच द्या हं, चुकून दोन नको."

आज डबा हातात धरून बराच वेळ उभी होते.

एकच दिली. म्हातारा मेला तर सुमंत तेरा दिवस रडेल आणि चौदाव्या दिवशी धंद्याला बसेल. मला त्याचं रडणं नको. त्याचं बसणं पाहिजे आहे — हात जोडून, खाली.

१९ नोव्हेंबर

सुचलं!

म्हातारा दुपारभर फोनवर पत्ते लावतो. एकटाच. ट्रेझरीत हेडक्लार्क होता, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा घरात असून बोलत नाही. आज मला म्हणाला, "सरिता, यात पैसे लावून खेळतात तो प्रकार कसा असतो गं? घरातच दुकान आहे, पण मला कोणी दाखवत नाही."

मी म्हटलं, दाखवते काका.

२२ नोव्हेंबर

जरीपटक्यात रजत म्हणून आहे. कपड्याचं दुकान, मागे हाच धंदा. सुमंतशी त्याचं जुनं वाकडं आहे, हे अंकुशकडूनच कळलं होतं. मी म्हटलं, एका म्हाताऱ्याले आयडी पाहिजे, उधारीवर. त्याने तोंड वाकडं केलं. मग कोणाचा बाप ते सांगितलं.

रजत हसायलाच लागला. "सुमंतचा बाप? मग लिमिटची काय चिंता करतेस वं! नाही दिले तर त्याच्याकडूनच काढतो."

एक लाखाचं लिमिट. गोपाळरावांच्या नावावर, त्यांच्या नंबरावर. त्यांना म्हटलं, सुमंतभाऊंना सांगू नका, रागावतील. ते म्हणाले, "छे, त्याला कशाला?"

१ डिसेंबर

पहिल्या आठवड्यात आठ हजार जिंकले! मला पाचशे देऊ लागले, नवऱ्याला फळांचा रस कर म्हणाले. घेतले नाहीत. नवरा आजारी आहे एवढंच सांगितलं होतं मी, ते लक्षात ठेवतात.

अंकुशही सुरुवातीला जिंकलाच होता.

९ डिसेंबर

हरले. लाख संपला. मला वाटलं घाबरतील. तर म्हणाले, वाढवून घे.

रजतने एका फोनवर तीन केले.

१६ डिसेंबर

आज घास अडकला. माझा.

गोपाळरावांनी चिन्मयीला सांगून माझ्यासाठी रव्याची सोजी बांधून ठेवली होती, नवऱ्याला पातळ करून दे म्हणून. डबा घेऊन बसमध्ये बसले आणि वाटलं, बास झालं. उद्या आयडी बंद करायला सांगते.

घरी आले तर अंकुश पेज पीत होता. एकेक घोट उतरताना मान कशी वर करतो! सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मी सोजी नालीत ओतली.

मग त्याला सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याचा आवाज आता घासल्यासारखा निघतो. म्हणाला, "त्या बुढ्यानं काय केलं वं आपलं?"

मी म्हटलं, "तुमच्या मायनं काय केलं होतं? तुमचे हाल पाहूनच राहिली ना रोज."

त्याने पेज अर्धी ठेवली.

आयडी चालू राहील.

२९ डिसेंबर

पाच लाख ऐंशी हजार. रजत लिमिट वाढवत गेला, सोमवारचे हिशेबही पुढे ढकलत गेला. म्हातारा सकाळी चहा व्हायच्या आधी फोनवरचं जुगाराचं चाक फिरवायला बसतो. हाताला कंप आहे, तरी बोट बरोबर मोठ्या आकड्यावर. रजत म्हणतो, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. आणखी एक आठवडा, मग वसुली.

५ जानेवारी २०२६

आज सोमवार. आज माझा दिवस!

अकरा वाजता रजतची तीन माणसं वर आली. दार मीच उघडलं. सहा लाख नव्वद हजार. सुमंत आधी हसला, मग ओरडला, मग फोनवर फोन. त्याला आणि रजतला आयडी पुरवणाऱ्या वरच्या माणसाने सांगितलं, तुझ्या घरची उधारी फिटेपर्यंत तुझे सगळे आयडी बंद. धंदा एका मिनिटात थांबला. त्याला लोकांना द्यायचे होते ते द्यायचेच राहिले, यायचे होते ते कोण देतो आता?

तो बापावर धावून गेला. "बाबा, तुम्हाला कळत नव्हतं? एवढे कुठून देणार होतात?"

गोपाळराव खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "आधी खेळायचं, नंतर द्यायचे, असंच असतं ना? मला वाटलं, नंतर देऊ."

मी भिंतीला टेकून उभी होते.

१३ जानेवारी

गाडी गेली. तीच, काळ्या काचांची.

१९ जानेवारी

फ्लॅट विकायला काढला. सुमंत आज हॉलमध्ये खाली बसला होता, रजतच्या माणसापुढे, हात जोडून. अगदी मला पाहिजे होता तसाच!

मी सोफ्याजवळचं पाणी उचलून त्याला नेऊन दिलं. तो प्यायला.

२४ जानेवारी

चिन्मयीने पगार हातात ठेवला, उद्यापासून येऊ नका म्हणाली. ती माहेरी चालली आहे. तिच्या कानात काही नव्हतं. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

सुमंत लिफ्टपाशी उभा होता. नऊ महिने तोंडात धरून ठेवलेलं बोलले.

"माझं नाव सरिता नाही. मी माया. अंकुशची बायको. तुमच्या बापाले आयडी मी आणून दिला."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. कपाळाला आठ्या घालून आठवत होता.

"कोण अंकुश?"

मी म्हटलं, हिंगण्याचा. जरीपटक्यात राहतो.

म्हणाला, "हिंगण्याचे चाळीस-पन्नास होते. कोणता?"

लिफ्ट आली. मी जिन्याने उतरले.

२५ जानेवारी

त्याला आठवतही नाही.

२६ जानेवारी

काही लिहायचं नाही.

१ फेब्रुवारी

गोपाळराव आले होते. ऑटोने, काठी टेकत, एकटे. वृद्धाश्रमात जागा मिळाली, तिकडे चालले होते.

दारातच म्हणाले, "माया." सरिता नाही म्हणाले. मी विचारलं, सुमंतनं सांगितलं?

"तो काही सांगत नाही. नाव तू लिफ्टपाशी सांगितलंस, ते आत ऐकू आलं. मार्चमध्ये त्या गाडीत मागे मी होतो. डोळ्याच्या डॉक्टरकडून येत होतो, सुमंत म्हणाला, पाच मिनिटं थांबू. तू काचेवर हात मारत होतीस, आणि मी बसून राहिलो. तू आमच्या दारात उभी राहिलीस त्या दिवशीच ओळखलं तुला. वाट पाहत होतो, तू काय करतेस. त्याचा धंदा बंद पाडणं मला एकट्याला जमलं नसतं."

मी दारातून बाजूला झाले.

मागून अंकुश आला. कोण आहे ते मी त्याला सांगितलं. त्याने खुर्ची पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

ते बसले नाहीत.